मोटर सुटता कामा नये

हौशी रॉकेटवाल्यांना खरी धास्ती असते ती रॉकेट पेटण्याच्या क्षणाची नव्हे. पेटणं, धूर, आवाज हे सगळं जमिनीवर, डोळ्यांसमोर होतं. धास्ती असते ती त्यानंतर काही सेकंदांनी वर घडणाऱ्या एका छोट्या गोष्टीची. जळण संपलेलं असतं, उरल्यासुरल्या वेगावर रॉकेट माथ्याशी पोचून रेंगाळलेलं असतं. आता आतला छोटा बार उडायचा, त्याच्या धक्क्याने पुढचं टोक निघायचं आणि पॅराशूट बाहेर पडायचं. बार ठरल्या वेळी उडतो. पण टोक जागचं हलत नाही. उलट शेपटीतून मोटरच बाहेर फेकली जाते.

मोटर हा रॉकेटचा सगळ्यात जड भाग आणि तो असतो शेपटीला. तो गेला की उरलेल्या नळीचं वजन नाकाकडे सरकतं. टोक जड असलेला बाण सरळ जातो, त्याच न्यायाने हे रिकामं रॉकेट आधीपेक्षाही सरळ जायला लागतं. फक्त आता खाली. अर्धा किलो वजनाची, ३८ मिलिमीटर जाडीची गुळगुळीत नळी पुरेशा उंचीवरून नाकावर पडली, तर हवेचा विरोध आणि वजन यांचा मेळ बसेपर्यंत तिचा वेग, साधं गणित मांडलं तरी, ताशी साडेचारशे किलोमीटरच्या आसपास जातो.

अमेरिकेत अशा रॉकेटला ‘लॉन डार्ट’ म्हणतात, म्हणजे हिरवळीत रुतणारा बाण. नळी मातीत घुसून मातीनेच भरली, तर ‘कोअर सॅम्पल’. भूगर्भशास्त्रज्ञ जमिनीतून काढतात तसा नमुना. विनोद चांगले आहेत. खाली कुणी उभं असलं तर मात्र ते विनोद राहत नाहीत.

रॉकेट वर कसं जातं याच्या गोष्टी आपण ढिगाने ऐकल्यात. मोटर रॉकेटच्या आत कशी राहते, याचाही एक इतिहास आहे. आणि गंमत अशी की एकेकाळी हा प्रश्नच अस्तित्वात नव्हता.

*

४ ऑक्टोबर १९५७ ला स्पुटनिक उडालं आणि अमेरिकेतल्या पोरांच्या अंगात रॉकेट शिरलं. वेस्ट व्हर्जिनियातल्या कोलवुड या कोळसाखाणीच्या गावातल्या पोरांची गोष्ट तुम्ही कदाचित पाहिली असेल. होमर हिकमचं ‘रॉकेट बॉइज’ हे पुस्तक १९९८ चं आणि त्यावरचा ‘ऑक्टोबर स्काय’ हा सिनेमा १९९९ चा. (दोन्ही नावांत इंग्रजी अक्षरं तीच आहेत, फक्त जागा बदलल्यात. जुळवून बघा.) या पोरांनी जस्ताची भुकटी आणि गंधक वापरलं, पुढे त्यात गावठी दारूही मिसळली, खाणीच्या वर्कशॉपमधल्या कारागिरांकडून नॉझल कातून घेतले.

त्यांचं रॉकेट म्हणजे स्टीलची नळी, तिच्यात ठासलेलं मिश्रण, मागे नॉझल, पुढे टोक. नळी हेच रॉकेट आणि नळी हीच मोटर. इथे मोटर सुटणार कुठून? घागरीतून पाणी सांडेल, घागर कशी सांडेल?

पण या रचनेची किंमत होती. मिश्रण बिघडलं, नॉझल तुंबलं, तर तीच स्टीलची नळी बॉम्ब होऊन फुटायची. हिकमच्या पहिल्या प्रयोगात आईच्या गुलाबांच्या वाफ्याचं कुंपण उडालं. तो नशीबवान. त्या काळात देशभरात अनेक पोरांची बोटं गेली, डोळे गेले, काहींचा जीवही गेला.

याला उत्तर सापडलं ते एका चपलांच्या दुकानात. नेब्रास्का राज्यातल्या नॉरफोकमध्ये ऑर्व्हिल कार्लाइल यांचं बुटाचपलांचं दुकान होतं आणि त्यांना नाद होता शोभेच्या दारूचा. भाऊ रॉबर्टला नाद विमानांच्या मॉडेल्सचा. भावाला व्याख्यानात दाखवायला काहीतरी उडणारं हवं होतं, म्हणून १९५४ मध्ये ऑर्व्हिल यांनी कागदाची नळी, बाल्साच्या हलक्या लाकडाचे पंख, आत पॅराशूट असं एक रॉकेट केलं. नाव ठेवलं ‘रॉक-अ-शूट’. महत्त्वाची गोष्ट ही, की त्याची मोटर वेगळी होती. कागदी कवचाची, एकदा जळली की काढून टाकायची आणि नवी बसवायची.

१९५७ मध्ये कार्लाइल यांनी ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ मासिकात रॉकेटच्या सुरक्षिततेवरचा एक लेख वाचला. लेखक जी. हॅरी स्टाइन हे न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सच्या क्षेपणास्त्र तळावर काम करणारे. कार्लाइल यांनी आपली रॉकेटं थेट त्यांनाच पाठवून दिली. ती उडवून बघताच स्टाइन यांच्या लक्षात आलं की पोरांना रॉकेटपासून तोडायची गरज नाही. पोरांना फक्त दारू ठासण्यापासून तोडायचं. रॉकेट पोराने बनवावं, मोटर कारखान्याने. त्याच वर्षी त्यांनी हौशी लोकांची संघटना काढली, तीच पुढे ‘नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री’ झाली. डेन्व्हरमध्ये कंपनीही काढली. कार्लाइल यांना १९५८ मध्ये पेटंट मिळालं. त्यांचं रॉकेट आज स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे.

मोटर आणि रॉकेट यांची ही ताटातूट म्हणजे या छंदाचा पाया. कागद फुटला तरी कागदच फुटतो, त्याच्या किरचा उडत नाहीत. पण ज्या दिवशी मोटर वेगळी झाली, त्याच दिवशी ती सुटायलाही मोकळी झाली. नवा प्रश्न सुरक्षिततेच्या पोटीच जन्माला आला.

*

स्टाइन यांना मोटरी पुरेनात. व्हर्न एस्टेस नावाच्या तरुणाने १९५९ च्या आरंभी एक यंत्र बनवलं, त्याचं लाडकं नाव ‘मेबल’. मेबल साधारण साडेपाच सेकंदांना एक मोटर ठासून बाहेर टाकायची. पुढे एस्टेस यांनी स्वतःची कंपनी कोलोरॅडोतल्या पेनरोझ गावी नेली आणि १८ मिलिमीटर जाडीची, ७० मिलिमीटर लांबीची ती कागदी मोटर जगभर गेली.

तिच्यावरचा शिक्का वाचता आला, की पुढचं सगळं समजतं. समजा ‘सी ६-५’ असं लिहिलंय. ‘सी’ म्हणजे एकूण जोर, जास्तीत जास्त १० न्यूटन-सेकंद. पुढच्या प्रत्येक अक्षराला ही मर्यादा दुप्पट होते. ६ म्हणजे सरासरी रेटा, ६ न्यूटन. आणि ५ म्हणजे जळण संपल्यावर पाच सेकंद हळू जळणारा, धूर सोडणारा थर. तो संपला की मोटरच्या पुढच्या अंगाला ठेवलेली चिमूटभर दारू उडते. हाच तो पॅराशूट बाहेर काढणारा बार.

बाराला पुढे-मागे कळत नाही. नळीत दाब वाढतो, तो टोकालाही ढकलतो आणि मोटरलाही. ज्या बाजूची पकड सैल, ती बाजू जाते. म्हणजे टोक बोटांनी सहज निघेल इतकंच घट्ट हवं आणि मोटर त्याहून कितीतरी घट्ट. सगळा प्रश्न एवढाच आहे, आणि तो सुटता सुटत नाही.

सुरुवातीला उत्तरं दोन होती. एक हुक: स्प्रिंगच्या पोलादाची बारीक पट्टी, दोन्ही टोकांना काटकोनात वळवलेली. पुढचा वाक मोटरला जास्त आत जाऊ देत नाही, मागचा वाक बाहेर पडू देत नाही. दुसरं उत्तर मास्किंग टेप. भिंत रंगवताना कडेला लावतात ती. मोटरला दोन ठिकाणी वेढे द्यायचे, नळीत घालून बघायचं, सैल वाटलं तर आणखी एक वेढा. अंगठ्याने जोर लावून जेमतेम आत जायला हवी. किती जोर? ते अंगठ्यालाच ठाऊक.

प्रश्नालाच उत्तर करणारेही होते. एस्टेसच्या सुरुवातीच्या ‘अ‍ॅस्ट्रॉन स्काउट’ या रॉकेटात पॅराशूटच नव्हतं. बार उडाला की मोटर थोडी मागे सरकून तारेच्या हुकात अडकायची, तोल बिघडायचा आणि रॉकेट कोलांट्या खात हळूहळू खाली यायचं. ‘स्ट्रीक’ नावाचं रॉकेट त्याहून बेफिकीर. मोटर सरळ बाहेर टाकायची आणि उरलेलं रॉकेट इतकं हलकं की पिसासारखं खाली यायचं. मला ही दोन्ही रॉकेटं फार आवडतात. काही ग्रॅमच्या दुनियेत अशी हुशारी परवडते.

*

‘स्ट्रीक’ आणखी एका घराण्याचं मूळपुरुष म्हणता येईल. त्याची नळी मोटरएवढीच जाड होती. या जातीला ‘मिनिमम डायमीटर’ म्हणतात. मोटरला बाहेरून जेमतेम सदरा घालावा तशी नळी.

सोस कशासाठी? तर हवेचा विरोध समोरून दिसणाऱ्या क्षेत्रफळावर ठरतो आणि क्षेत्रफळ जाडीच्या वर्गाने वाढतं. ३८ मिलिमीटरची मोटर ५४ मिलिमीटरच्या नळीत बसवली, तर हवेला भिडणारं तोंड दुप्पट होतं. उंचीचे विक्रम करायचे तर ही चैन नको. म्हणून मोटर आणि नळी यांच्यात उरते फक्त बोटाने चाचपता येईल एवढी फट.

पण सगळी सोयही त्या फटीबरोबर जाते. जाड रॉकेटात मोटरसाठी आत वेगळी नळी असते, तिला प्लायवुडच्या कड्या असतात, मागच्या कडीत स्क्रू पिळून मोटर धरून ठेवणारी टोपी बसवता येते. मिनिमम डायमीटरमध्ये कडी नाही. हुकाला जागा नाही. स्क्रू मारायचा तर कशात? दीड मिलिमीटरच्या भिंतीत? आणि भिंतीपलीकडे लगेच मोटर, तिला भोक पाडणं म्हणजे आपणच आपला बॉम्ब करणं. पंखसुद्धा आत रोवता येत नाहीत. नळीच्या पाठीवर इपॉक्सीने चिकटवून वरून काचतंतू नाहीतर कार्बनच्या कापडाची पट्टी चढवावी लागते.

उरली टेप. आणि लहान रॉकेटांत टेपने काम भागलंही.

मग रॉकेटं मोठी झाली. जुन्या मर्यादेत मॉडेल रॉकेट एक पौंडाचं, म्हणजे ४५३ ग्रॅमचं, आणि त्यात जळण जास्तीत जास्त ११३ ग्रॅम. १९७० च्या दशकात काही मंडळींना हे पुरेना. खऱ्या क्षेपणास्त्रांत वापरतात तसं, अमोनियम परक्लोरेट आणि रबर यांचं जळण छोट्या मोटरींत यायला लागलं होतं. त्याच वजनाच्या काळ्या दारूपेक्षा त्याचा जोर दुपटीहून अधिक. १९८२ मध्ये ओहायोतल्या मेडिना इथे या बंडखोरांची जत्रा भरली. तिचं नाव ‘लार्ज अँड डेंजरस रॉकेट शिप्स’. सुरक्षिततेच्या नावाने चालणाऱ्या संघटनेला डिवचायला याहून चांगलं नाव सापडलं नसतं. १९८५ मध्ये ट्रिपोली ही दुसरी संघटना राष्ट्रीय पातळीवर उभी राहिली. पेनसिल्व्हेनियातल्या विद्यार्थ्यांचं विज्ञान मंडळ म्हणून १९६४ मध्ये तिची सुरुवात झाली होती. आता ‘हाय पॉवर’ नावाचा रीतसर प्रांत झाला, परवान्यांच्या तीन पायऱ्या झाल्या. सर्वांत वरच्या पायरीवरच्या ‘ओ’ मोटरचा जोर ४०,९६० न्यूटन-सेकंदांपर्यंत जातो. ‘सी’च्या चार हजार पट.

आता टेपचा हिशेब पुन्हा करू. समजा बार उडाला तेव्हा नळीत बाहेरच्यापेक्षा एका वातावरणाएवढा दाब जास्त झाला. १८ मिलिमीटरच्या मोटरवर हा दाब अडीच-पावणेतीन किलोचा धक्का देतो. ३८ मिलिमीटरवर साधारण बारा किलोचा. ९८ मिलिमीटरवर पाऊणशे किलोच्या वर. एक माणूस मोटरवर उभा आहे आणि तिला धरून ठेवलंय रंगाऱ्याच्या चिकटपट्टीने. शिवाय जळून गेलेली मोटर हातात धरवत नाही इतकी तापलेली असते आणि चिकटपट्टीचा गोंद उष्णतेने मऊ पडतो. म्हणजे पकड नेमकी हवी त्याच क्षणाला ढिली.

बार एकटाच शत्रू नाही. जमिनीवर नळी बंद करताना आत कोंडलेली हवा वर गेल्यावर फुगू बघते. दहा किलोमीटरवर बाहेरचा दाब जमिनीवरच्या चौथ्या हिश्शावर येतो, म्हणून नळीला एक बारीक भोक ठेवतात. ते विसरलं की बार उडायच्या आधीच टोक आणि मोटर एकमेकांपासून दूर ढकलले जातात. आणि टोक निघाल्यावर दोर ताणला जाऊन नळीला हिसका बसतो तेव्हा आतली जड मोटर आपल्याच जोरात पुढे निघू बघते. तीन वेगळे धक्के, आणि तिन्हींना एकच पकड पुरी पडायला हवी.

तोवर मोटरही महाग झाली होती. १९९० च्या सुमारास पुन्हा भरता येणाऱ्या मोटरी आल्या. अ‍ॅल्युमिनियमचं कातीव कवच, दोन्ही बाजूंना आट्यांची झाकणं, आत दर वेळी नवं जळण. कागदी मोटर पडली तर पडली. हे कवच मात्र कित्येकदा रॉकेटपेक्षा महाग, आणि ते आकाशातून गवतात पडलं की जन्मात सापडत नाही. धातूचा तापलेला तुकडा कुणाच्या डोक्यात पडण्याची भीती वेगळीच. परवान्याच्या उड्डाणात मोटर सुटून पडली, तर परवाना नाही.

बाहेरही प्रकरण तापलं होतं. हे जळण स्फोटक आहे म्हणून त्यावर केंद्रीय खात्याने निर्बंध लावले, त्याविरुद्ध दोन्ही संघटना २००० मध्ये कोर्टात गेल्या. निकाल लागला १६ मार्च २००९ ला, संघटनांच्या बाजूने. ती नऊ वर्षं मैदानावर नाकावर पडणारं प्रत्येक रॉकेट म्हणजे विरुद्ध पक्षाला आयता पुरावा होता, असं मला वाटतं. एवढ्या मोठ्या भांडणाची लाज चिकटपट्टीच्या दोन वेढ्यांवर राखायची.

*

उत्तर आलं ते त्या धातूच्या कवचातूनच, आणि ते मला या सगळ्या गोष्टीतलं सर्वांत सुंदर वळण वाटतं.

याच काळात छोटे इलेक्ट्रॉनिक उंचीमापक स्वस्त झाले होते. हवेच्या दाबावरून माथा ओळखायचा आणि वेगळ्या ठिकाणी ठेवलेली दारू उडवायची, हे काम त्यांनी उचललं. मोटरच्या पुढच्या तोंडातून बार सोडायची गरज उरली नाही. ते तोंड बंद करता आलं आणि बंद केलेल्या झाकणाच्या मधोमध आट्यांचं भोक ठेवता आलं.

त्या भोकात कुणी आय-बोल्ट पिळला, म्हणजे वर गोल कडी असलेला बोल्ट. आणि पॅराशूटचा दोर थेट त्या कडीला बांधला. आतापर्यंत रॉकेट मोटरला धरून ठेवायची धडपड करत होतं. आता मोटरच रॉकेटचा नांगर झाली. पॅराशूट मोटरला लटकतं, आणि मोटर नळीतून मागे जायचं म्हटलं तरी जाणार कुठे? ती दोरालाच बांधलेली.

मात्र एक फट राहते. दोर मोटरला बांधला, पण नळी कशाला बांधली? मोटर दोरासकट पॅराशूटखाली झुलत उतरतेय आणि नळी, पंख घेऊन, तिच्यावरून मोज्यासारखी निसटून वेगळीच चाललीय, असं होऊ शकतं. म्हणून नळीत मोटरच्या बरोबर पुढे एक जाड चकती इपॉक्सीने कायमची चिकटवतात. बोल्ट तिच्यातून आरपार घालून मोटरच्या झाकणात पिळायचा. पुढे छोट्या कंपन्यांनी यासाठी अ‍ॅल्युमिनियमचे तयार तुकडे कातून विकायला काढले. नळीत एकदा बसवायचे आणि मोटर मागून घालून बल्ब फिरवावा तशी फिरवायची. मोटर आत जाताना टेपचा एकही वेढा नाही, आणि निघताना हातोडीही नाही.

हातोडी हा विनोद नाही. टेपने नको इतकी घट्ट बसवलेली, वर तापून फुगलेली आणि राखेने माखलेली मोटर संध्याकाळी मैदानावर दोघातिघांनी मिळून ठोकून काढणं, हा या छंदातला नेहमीचा देखावा. सैल असली तर वर सुटते, घट्ट असली तर खाली सुटत नाही.

बोल्टाच्या पद्धतीतही घोळ आहेतच. इपॉक्सीची चकती कच्च्या हाताने बसवली तर ताकदीचा बोल्ट, ताकदीचं झाकण आणि मधेच सगळं निघून आलेलं. शिवाय चकती एका जागी चिकटली की त्या रॉकेटात त्याच लांबीची मोटर बसते. छोटी घालायची तर मधे जोड द्यावा लागतो. जी झाकणं स्वतःच बार सोडतात, त्यांना मधोमध भोक ठेवताच येत नाही. तिथे पुन्हा आपली टेप. काही जण अ‍ॅल्युमिनियमची टेप वापरतात, काही नळी आणि मोटर यांच्या सांध्यावर बाहेरूनच पट्टी गुंडाळतात. बाहेरची पट्टी दिसायला गचाळ आणि वाऱ्याला थोडी अडते, पण नजरेसमोर राहते. आतल्या वेढ्याचं काय झालंय हे कुणालाच दिसत नाही. मला विचाराल तर थोडी उंची गेली तरी चालेल.

उंचीचा हव्यास धरणारे मात्र दुसऱ्याच टोकाला पोचले. नळी आणि मोटर यांच्यातली फट कमी करत करत शेवटी त्यांनी ती नाहीशीच केली. १७ मे २००४ ला नेव्हाडातल्या ब्लॅक रॉक वाळवंटातून हौशी लोकांचं पहिलं रॉकेट अवकाशात गेलं, ११६ किलोमीटर. २१ एप्रिल २०१९ ला सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचं ‘ट्रॅव्हलर ४’ न्यू मेक्सिकोतून उडून साधारण १०३ किलोमीटरवर पोचलं. अशा रॉकेटांत मोटरला वेगळा सदरा नसतोच. मोटरचं कवच हीच रॉकेटची नळी. पंख थेट मोटरच्या अंगावर. कोलवुडच्या पोरांची स्टीलची नळी पुन्हा आली, फक्त आता अ‍ॅल्युमिनियमची किंवा कार्बनची. आणि सोबत ती जुनी जोखीमही. कवच फुटलं तर रॉकेटच फुटलं. म्हणून अशी उड्डाणं वाळवंटात होतात आणि माणसं दूर आडोशाला असतात.

बाकीच्यांसाठी मैदानं आहेत. तिथे उड्डाणाआधी प्रत्येक रॉकेट टेबलापलीकडच्या सुरक्षा अधिकाऱ्याच्या हातात द्यावं लागतं. तो पंख हलवून बघतो, टोक ओढून बघतो, तोल कुठे आहे विचारतो. मग रॉकेट उलटं करतो, मागून मोटर दोन बोटांत धरून ओढतो आणि तिला काय धरून ठेवतंय ते विचारतो. बोल्ट असेल तर बोल्ट सांगायचा. टेप असेल तर तो आणखी एकदा, जरा जोराने ओढतो.